खोट काढणारे कडूबा काका

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत कडूबा काकांनी मला विचारलं, "हिवराळेमधली हि पहिली का दुसरी?"

मला प्रश्नच कळला नाही. मी पुण्यात सहा वर्षं काम करून आले होते. हातात लॅपटॉप होता, डोक्यात बऱ्यापैकी हवा होती, आणि पन्नाशी ओलांडलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला एक सडपातळ माणूस माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राला नाक लावून उभा होता. "वेलांटी म्हणतोय ताई," ते म्हणाले. "ह्यांनी दुसरी दिलीय. तुमची पहिली असती." एवढं बोलून त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि माझ्या कोऱ्या करकरीत ओळखपत्राच्या प्लॅस्टिकवर सरळ खूण केली. मला असला राग आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारलं. पहिलीच होती.

माझी सगळी शाळा इंग्रजीतून झाली, हे आधीच सांगून टाकते. पुढं ते लागणार आहे.

आमची कंपनी म्हणजे गारखेड्यात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या इमारतीत दुसरा मजला आणि चौदा माणसं. दवाखान्यांसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. पेशंट आला, नाव सांगितलं, चिठ्ठी निघाली, पडद्यावर नंबर आला, पेशंट आत गेला. ऐकायला सोपं वाटतं. त्यात काही नवं केलं की ते दवाखान्यात जाण्याआधी तपासून बघायचं काम कडूबा काकांचं होतं. ते एकेक बटण हातानं दाबून बघायचे. मला आणलं होतं ते हेच तपासणं मशीनकडून करून घ्यायला. माणूस जी बटणं दाबतो, ती एका प्रोग्रामनं रोज आपोआप दाबायची, आणि आम्ही ऑफिसात येईपर्यंत पडद्यावर हिरवं किंवा लाल दाखवायचं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. थोडक्यात, मला काकांच्या जागी बसणारं काहीतरी बनवायचं होतं, आणि माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच टाकली होती.

काका मूळचे पिशोरचे. शहरातल्या एका छापखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं प्रूफं तपासली. छापखाना बंद पडला तेव्हा आमचे मालक निकम सर त्यांना घेऊन आले, पडद्यावरचं मराठी तपासायला म्हणून. मराठी तपासता तपासता काका बटणंही तपासायला लागले. लिहायचे एकदम शुद्ध, बोलायचे पक्कं पिशोरी. 'बग' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते 'खोट' म्हणायचे. "ताई, ह्यात जरा खोट हाय," असं इतक्या हळू म्हणायचे की बाजूच्यालाही ऐकू जायचं नाही. ओरडून चूक दाखवणं त्यांना चूक करण्यापेक्षा वाईट वाटायचं.

आमच्याकडे कडूबा हे नाव गावोगाव आहे, पण बाहेरच्यांना ते झेपत नाही. पुण्याचा एक ग्राहक फोनवर दरवेळी हसून विचारायचा, "ते कडू कोण आहेत तुमच्याकडे?" काका शांतपणे म्हणायचे, "मीच. पण चाखून कोणी बघितलं नाय अजून."

त्यांच्याकडे एक लांबट रजिस्टर होतं. मी समजत होते त्यात तपासणीची यादी असेल. उघडून बघितलं तर त्यात माणसं. पहिल्या पानावर चंद्रभागाबाई. वय विचारलं की "असंल साठ-पासष्ट" म्हणणार. मग हुसेनभाई, कुठलंही बटण तीनदा दाबणारे, कारण एकदा दाबून जगात कोणतं काम होतं? मग सुमन, नंबर लावून लेकराला बिस्किट आणायला जाणारी आणि परत येईपर्यंत नंबर गेलेली. मग रामभाऊ काळे आणि रामभाऊ काळे, दोघंही एकाच गावचे, शेजारी राहणारे, एकाच दिवशी आलेले. असली दोनशेच्या वर माणसं काकांनी मनातून उभी केली होती, आणि सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदललं की ती सगळी दवाखान्यात येऊन जायची.

माझे पेशंट होते टेस्ट वन, टेस्ट टू आणि टेस्ट थ्री. काकांनी एकदा माझ्या पडद्याकडे बघून विचारलं, "ह्या टेस्ट वनला काय होतंय?"

"काही होत नाही काका. तो खोटा पेशंट आहे."

"काय होत नाय तर दवाखान्यात कशाला आला?"

मी हसले नाही. तेव्हा मी हसत नव्हते फारशी. नव्या जागी आपण किती हुशार आहोत हे दाखवायची घाई असते, त्यात हसायला वेळ कुठला. त्याच आठवड्यात मी वयाचा रकाना नवा करून दिला. काका आले, खुर्चीवर बसले आणि वयाच्या जागी 'साठ-पासष्ट' असं अक्षरात टाईप केलं. पडदा जागच्या जागी गोठला. मी वैतागून म्हटलं, "काका, असं कोणीही लिहिणार नाही." ते म्हणाले, "बरं." आठ दिवसांनी एका दवाखान्यातून फोन आला की पडदा गोठलाय. तिथल्या बाईंनी काय टाईप केलं होतं ते मी इथं सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल. काका त्या फोनच्या वेळी शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही, चार शेंगा तेवढ्या माझ्याकडे सरकवल्या.

खोट काढायची सवय त्यांना ऑफिसापुरती नव्हती. खालच्या मंगल कार्यालयात लग्न असलं की फुलांच्या कमानीवर नवरा-नवरीचं नाव लिहिलेलं असतं. काका जेवण झालं की खाली जाऊन ते वाचून यायचे, आणि एखादा काना-मात्रा चुकला असला तर मंडपवाल्याला बाजूला घेऊन सांगायचे. मंडपवाले त्यांना ओळखायचे. पुढं पुढं तर फुलं लावायच्या आधीच कागद घेऊन वर यायचे.

आणि पत्रिका. गारखेड्यातली निम्मी वस्ती लग्नाची पत्रिका छापायला टाकण्याआधी काकांना दाखवायची. निकम सरांच्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा सर स्वतः पत्रिका घेऊन आले. तीन दिवस घरातली आठ माणसं ती तपासत होती, आता फक्त एक नजर टाका, म्हणाले. पत्रिका मोठी होती. कुलदैवत होतं, चार पिढ्या होत्या, सगळे काका, सगळे मामा, आणि खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी अकरा चिल्लीपिल्ली होती. काकांनी चष्मा लावला. सावकाश वरपासून खालपर्यंत वाचलं. मग परत वाचलं. चहा आला, तो प्यायले. कप खाली ठेवला आणि सरांच्या कानाशी जाऊन विचारलं, "सर, लग्न कोणाशी हाय?"

नवरदेवाचं नावच नव्हतं. आठ माणसांनी तीन दिवस आपापलं नाव बघितलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा ऑफिसात इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हां. ताईला हसता येतं."

असं सगळं चाललेलं असताना संक्रांतीच्या आधी एक मीटिंग झाली. सर भला माणूस, पण धंदा करणारा. ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "प्रज्ञाचं ऑटोमेशन पूर्ण होतंय. गुढीपाडव्यानंतर हातानं तपासणं आपण बंद करू. कडूबांना मोकळं करायला हरकत नाही." दार उघडं होतं. दारासमोर पिण्याच्या पाण्याची टाकी आहे आणि तिथं काका बाटली भरत होते. बाटली भरली, झाकण लावलं, ती उलटी करून गळतेय का बघितलं, आणि आपल्या जागेवर गेले. मला कुठं तोंड लपवू असं झालं. मी सरांना काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर माझं काम पूर्ण झाल्याचं कौतुक चाललं होतं आणि ते मला आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी रजिस्टर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "लिहून घ्या," म्हणाले.

"काय?"

"माणसं. तुमच्या गड्याला शिकवा." माझ्या प्रोग्रामला ते गडी म्हणायचे. सांगितलं तेवढं काम मुकाट्यानं करणारा.

मी म्हटलं, "काका, हे तुम्ही मला दिलं की मग तुमचं..." 

"व्हय. माहितीय मला." त्यांनी खुर्ची ओढली. "छापखाना बंद झाला ना ताई, तवा मालक म्हणला, नव्या पोरांना चार गोष्टी सांगून जा. मी नाय सांगितल्या. राग होता लई. पंचवीस वर्षांचं सगळं तसंच डोक्यात राहिलं, कोणाच्या कामाला आलं नाय. मंग वाईट वाटत राहतं. पानं उलटा, पहिली चंद्रभागाबाई."

मला रडू आलं असतं, पण काकांनी लगेच चंद्रभागाबाईंच्या सुनेचा स्वभाव सांगायला सुरुवात केली आणि रडायला सवड मिळाली नाही. पुढचा दीड महिना आम्ही रोज दोन तास बसलो. ते सांगायचे, मी लिहायचे. मी एखादी गोष्ट सोडली की लगेच पकडायचे. "गड्याला सांगितलं का, हुसेनभाई तीनदा दाबतात? चौथ्यांदा दाबणार होते, पण त्यांची बायको ओरडली." मी म्हणायचे, बायकोची काय गरज आहे? ते म्हणायचे, "बायको नसती तर चारदा दाबलं असतं. तेबी बघायला पायजे ना." आणि खरंच, चारदा दाबलं की चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव यायचं.

टेस्ट वन, टेस्ट टू मी पुसून टाकले. त्यांच्या जागी सगळी काकांची माणसं आली. सकाळी पडद्यावर निकाल यायचा तो असा: चंद्रभागाबाई हिरव्या, सुमन हिरवी, दोन्ही रामभाऊ हिरवे, हुसेनभाई लाल. ऑफिसात शिरता शिरता लोक विचारायचे, "आज हुसेनभाई कसे आहेत?" एक दिवस तर निकम सर बाहेरगावी होते, तिथून त्यांनी फोन केला, दुसरं काही बोलायच्या आधी म्हणाले, "सुमनला नंबर मिळाला का?" आम्ही सगळे काम करता करता इतके खूश कधीच नव्हतो. काका पाडव्यानंतर नसणार, हे मात्र कोणी बोलत नव्हतं.

त्याच सुमाराला सिल्लोडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. त्यांची अडचण निराळी होती. पेशंटच्या डोळ्यांत आधी थेंब घालतात, मग त्याला तासभर काही धड दिसत नाही, आणि पडद्यावर नंबर दाखवून उपयोग होत नाही. नंबर मराठीतून बोलायला हवा होता. मग आमच्या ऑफिसातल्या स्वातीच्या आवाजात एक ते दीडशे आकडे रेकॉर्ड करायचं ठरलं. सत्तरपर्यंत ओळीनं झालं आणि खाली लग्नाचा बँड सुरू झाला. पुढचे आकडे तिनं दोन दिवसांत, बँड थांबेल तेव्हा, सुचतील तसे बोलून ठेवले. ते ऐकून कोणती फाइल कोणत्या आकड्याची, हे नाव द्यायचं काम माझं होतं. मी ते एका दुपारी उरकलं.

गडी काय तपासायचा? पडद्यावर अमुक नंबर आला की त्याच नावाची फाइल वाजली का, एवढंच. सगळ्या वाजल्या. सगळं हिरवं. सरांनी आधीच सांगितलं होतं, ह्या वेळी हातानं काही तपासायचं नाही, फक्त ऑटोमेशनवर जाऊन बघू. काकांनी मला एकदाच विचारलं, "कोणी ऐकलं का?"

"दीडशे आकडे कोण ऐकत बसणार काका? हिरवं आहे सगळं."

"बरं," ते म्हणाले. त्यांचं 'बरं' मला एव्हाना कळायला हवं होतं.

सिल्लोडला पहिल्याच दिवशी शिबिर होतं, सव्वाशेच्या वर पेशंट. माझ्या गाडीतून निघाले तर काका खाली उभे. "मी येतो," म्हणाले, "तुमची पिशवी धरायला." माझ्याकडे धरण्यासारखी पिशवी नव्हती. तरी ते बसले. फुलंब्रीला चहा प्यायलो, तिथल्या टपरीच्या पाटीवरची एक खोट त्यांनी टपरीवाल्याला हळूच सांगितली, आणि दहा वाजायच्या आत आम्ही दवाखान्यात पोचलो.

चिठ्ठ्यांच्या खिडकीवर शबाना नावाची चटपटीत मुलगी होती. तिनं पटापट चिठ्ठ्या दिल्या, थेंब घातले गेले, आणि बघता बघता अख्खं दालन डोळे मिटून बसलं. काकाही त्यांच्यात जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मी जवळ जाऊन विचारलं, "झोप लागली का काका?" ते म्हणाले, "नाय. ऐकतोय." स्वातीचा आवाज छान घुमत होता. नंबर पुढं सरकत होते. सरांचा फोन आला, "इकडे सगळं हिरवं दिसतंय. शाबास." मी फुगले.

अठ्ठ्याहत्तर झाला. मग आवाज आला, "एकोणनव्वद."

भिंतीकडच्या एक मावशी उठल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. भिंत चाचपत दारापाशी गेल्या. त्याच वेळी एक म्हातारे चाचा लेकीचा हात धरून तिथंच पोचले. लेकीनं पडद्यावर ७९ बघितलं होतं. दारात दोघं समोरासमोर.

शबाना म्हणाली, "मावशी, तुमचा टाइम है अजून. बैठो."

"माझाच नंबर बोलली की बाई. एकोणनव्वद. सकाळधरनं तोंडपाठ केलाय मी."

"मशीन गलत नै बोलता मावशी. वर देखो, उन्नासी लिखा है."

"मला दिसत असतं तर मी इथं कशाला आले असते?"

मागं कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं वशिला आहे, कोणी म्हणालं ज्यांचा नंबर त्यांना सोडा. मी पुढं झाले आणि मावशींना अगदी गोड आवाजात सांगितलं की मशीन बरोबर आहे, तुम्ही ऐकण्यात चुकलात. आजही हे आठवलं की कानशिलं तापतात.

तेवढ्यात काका शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "ताई, अठ्ठ्याहत्तरच्या पुढं काय?"

"सेव्हंटी नाइन."

"मराठीत."

"एकोणनव्वद," मी ठणकावून सांगितलं.

"आन एकोणऐंशी?"

"एटी नाइन. ऐंशी आणि नऊ."

 काकांची मिशी हलायला लागली होती, पण त्यांनी हसू आवरलं. "एक उणा ऐंशी, ताई," ते म्हणाले. "ऐंशीला एक कमी."

 एकतीस वर्षांची मराठी बाई मी, आणि जन्मभर ते दोन आकडे उलटे धरून बसले होते. कोणी कधी विचारलंच नव्हतं. भाजीवाल्याशीसुद्धा मी इंग्रजी आकड्यात बोलते. स्वातीनं 'एकोणऐंशी' म्हटलं, मला त्यात ऐंशी ऐकू आलं, मी फाइलीला ८९ नाव दिलं. उरलेली फाइल ७९. गड्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि हिरवं दाखवलं.

आणि लाज वाटायच्याही आधी माझ्या मनात आलं ते हे की काकांनी आत्ता सरांना एक फोन केला तर त्यांची नोकरी वाचते. नुसतं खरं सांगायचं. ऑटोमेशन पहिल्याच दिवशी तोंडावर पडलं, आणि कानानं ऐकणाऱ्या माणसानं ते पकडलं.

काकांनी विचारलं, "किती वेळ लागंल?"

"पंधरा मिनिटं."

"करा. गडबड करू नका." मग शबानाला आवाज बंद करायला सांगून ते दाराशी उभे राहिले आणि स्वतःच नंबर पुकारायला लागले. "एकोणऐंशी. या चाचा. बिटिया, पायरी हाय, संभाळके." मग वळून म्हणाले, "मावशी, तुमचं काय चुकलं नाय. आमच्या मशीननं उलटं सांगितलं. एकोणऐंशी आत गेला, आता मधी नऊ माणसं, मंग तुम्ही. मी हाक मारतो." मावशी बसल्या. कुजबुज थांबली. "ऐंशी. ऐंशी कोण? सावकाश." "एक्क्याऐंशी. बाबा, पिशवी राहिली तुमची, घ्या." लोक डोळे मिटूनच हसायला लागले. कोणी तरी लांबून म्हणालं, "कोणत्या गावचे?" काका म्हणाले, "पिशोर. ब्याऐंशी."

मी कोपऱ्यात बसून दोन फाइली बदलल्या, मग कानाला लावून सत्तरच्या पुढची एकेक फाइल ऐकली. बाकी सगळं बरोबर होतं. सांगायला गेले तर मावशीच म्हणाल्या, "ह्यांनाच बोलू द्या. ह्यांचं ऐकायला बरं वाटतं." एकोणनव्वद आला तेव्हा काकांनी स्वतः त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत नेलं.

सरांचा परत फोन आला. काकांनी लांबूनच हात हलवला. नको, म्हणत होते. जवळ येऊन हळू म्हणाले, "सांगा हिरवं हाय. झालं ना आता नीट." मला वाचवायला निघाले होते. स्वतःच्या नोकरीचं त्यांच्या मनातही नव्हतं, किंवा असेल तर ते त्यांनी बाजूला ठेवलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि इतकी माया वाटली की काय करावं कळेना. मी फोन उचलला आणि एका दमात सांगितलं, "सर, तिकडे हिरवं आहे आणि इथं माणसं दारात भांडत होती. चूक माझी आहे. मला मराठी आकडे येत नाहीत. मी एकोणऐंशीला एटी नाइन समजत होते. गड्याला कान नाहीत. ही खोट काकांनी पकडली, आणि त्यांना काढायचं असेल तर तुम्ही चुकताय."

  पलीकडून सर म्हणाले, "एक मिनिट. एकोणऐंशी म्हणजे एटी नाइनच ना?"

 मी फोन काकांच्या हातात दिला. काका म्हणत होते, "व्हय सर... नाय सर... एक उणा ऐंशी... व्हय, ताईपण तसंच म्हणल्या... लई जण म्हणतात सर, त्यात काय." मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. फोन परत दिला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणले, पाडव्यानंतर बी या."

एवढं सांगून ते पाणी प्यायला गेले. बाटलीचं झाकण लावलं, पण ह्या वेळी ती उलटी करून बघायचं विसरले.

दवाखान्यानंच मग सांगितलं की पिशोरच्या काकांचाच आवाज हवा. दीडशे आकडे पुन्हा रेकॉर्ड झाले, लग्न नसलेल्या दिवशी, ओळीनं. त्यानंतर काका तीन वर्षं आमच्याकडे होते. गडी हजार गोष्टी करायचा, आणि त्यानं हिरवं दाखवलं की काका डोळे मिटून एकदा ऐकायचे. दर शनिवारी जेवण झाल्यावर ते आम्हा सगळ्यांना उभं करून आकडे म्हणायला लावायचे. निकम सर सदुसष्ट आणि सत्याहत्तरमध्ये हमखास अडकायचे, आणि चौदा माणसं टेबल बडवायची. मी आता एकही चुकत नाही. भाजीवाल्याशी मुद्दाम मराठीत बोलते.

मागच्या वर्षी ते निवृत्त होऊन पिशोरला गेले. निरोपाच्या कागदावर त्यांनी सही करण्याआधी दोन जागी खोट काढली.

परवा सिल्लोडला त्याच दवाखान्यात गेले होते, नवं काहीतरी बसवायचं होतं. दालनात शिरले तर तिसऱ्या रांगेत काका. डोळ्यांत थेंब, डोळे मिटलेले, हातात चिठ्ठी, शर्ट तोच अर्ध्या बाह्यांचा. मोतीबिंदू दाखवायला आले होते. मी हाक मारणार होते, पण त्यांचे ओठ हलताना दिसले आणि थांबले. वरून त्यांचाच आवाज येत होता. एकेचाळीस. बेचाळीस. खाली काका त्याच्याबरोबर मनात म्हणत होते.

"त्रेचाळीस," आवाज म्हणाला. कोणी उठलं नाही. शबाना खिडकीतून बाहेर आली, चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, "काका, तुमचाच नंबर है ना. बोला ना अभी."

काका डोळे मिटूनच म्हणाले, "ऐकला की. बरोबर बोलला तो. पुढचा ऐकू दे, मंग उठतो."

कोणी आत येत नाही बघून आतून पुढचं बटण दाबलं गेलं. "चव्वेचाळीस."

काकांनी मान हलवली. मग शबानाचा हात धरून उठले, आणि दारात आलेल्या चव्वेचाळीस नंबरच्या माणसाला "थांबा, तुमच्या आधी मी हाय" असं हळूच सांगून आत गेले.